भुईगावहून माटुंगा किती दूर?

गेल्या उन्हाळ्यात वसईच्या एका शिक्षकमित्राबरोबर आम्ही भुईगावला गेलो होतो. निमित्त होते त्यांच्या एका विद्यार्थिनीचे. वडील भाजीची वाडी करतात. मुलीला इंजिनिअर व्हायचे आहे. सीईटीचा निकाल लागला होता आणि तिने वहीच्या पानावर कॉलेजांची लांबलचक यादी केली होती. प्रत्येक नावापुढे गेल्या वर्षी प्रवेश कितीवर थांबला तो आकडा होता आणि यादी त्याच क्रमाने उतरत गेली होती. वडिलांनी विचारले, "सर, जवळचं घ्यायचं की नावाजलेलं?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर आम्हाला सरळ देता आले नाही. तो आकडा एवढेच सांगतो की गेल्या वर्षी त्या जागेसाठी किती चुरस होती. (तो पर्सेंटाइल असतो, गुण नव्हेत. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी नव्वद टक्के मुले आपल्या बरोबरीने किंवा मागे. बरेच पालक याला शंभरापैकी नव्वद गुण समजतात.) तिथे काय शिकवतात, कसे शिकवतात, याबद्दल तो काहीच बोलत नाही. म्हणून आम्ही तिला तीच यादी स्थापनेच्या सालांच्या क्रमाने लावायला सांगितले. मग यादी निराळीच दिसू लागली.

सर्वांत वर पुणे आले, १८५४ साल. 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावाने ते निघाले. रस्ते, कालवे, पूल, धरणे यांची सरकारी कामे वाढत होती आणि त्यांवर हाताखालचे अधिकारी हवे होते. म्हणजे आधी काम होते, मग शाळा आली. विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन बंगळूरहून याच कॉलेजात आले, १८८३ साली परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. त्यांच्यापुढे कॉलेजांची यादी नव्हती. होते ते एक कॉलेज आणि त्याच्या टोकाला एक नोकरी.

मुंबईची गरज वेगळी होती. गिरण्यांना माग आणि इंजिने समजणारी माणसे हवी होती. त्यातून १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. सुरुवातीचे विषयच कापडनिर्मिती आणि यंत्रशास्त्र. पदवी नव्हे, पदविका. तिला गिरणीत किंमत होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार होण्याआधी इथेच शिकवीत. संस्था १९२३ साली माटुंग्याला गेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव लावते. कापड विणले की रंगवायचे आले. त्यासाठी रसायने जाणणारी माणसे लागत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला तो वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे विषय घेऊन. तीच आजची आयसीटी.

भुईगावचा एखादा मुलगा तेव्हा माटुंग्याला जाऊ शकला असता का? वसईवरून रेल्वे १८६४ पासून धावत होती आणि १९३६ साली विजेच्या गाड्या विरारपर्यंत आल्या. रूळ होते. अडचण मॅट्रिकपर्यंतची शाळा, फी आणि वाडीतले हात या तीन गोष्टींची होती.

स्वातंत्र्याच्या वर्षी सांगलीत धोंडूमामा साठे यांनी 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' काढले. तेच पुढे वालचंद. १९५८ साली पवईची आयआयटी निघाली, सोव्हिएत मदतीने. महाराष्ट्र राज्य झाले त्याच १९६० साली कराड, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर इथे कॉलेजे सुरू झाली. धरणे, वीजकेंद्रे, कारखाने उभारायचे होते, त्याचा हा हिशेब. जागा मात्र अर्जांच्या मानाने फारच थोड्या. ज्यांची ऐपत होती ते देणगी भरून मुलांना कर्नाटकात पाठवीत.

यादीतली मोठी उडी येते ती १९८३ साली. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. ही कॉलेजे एखाद्या खात्यासाठी किंवा गिरणीसाठी निघाली नाहीत, तर प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी निघाली. मागणी कामाची नव्हती, जागेची होती. आमच्या मते इथेच कॉलेज निवडण्याचा प्रश्न जन्माला आला. त्याआधी कॉलेजच मुलाला निवडत असे. देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ साली राज्याला त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. या कॉलेजांना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पण वसई रोडला १९९४ साली विद्यावर्धिनीचे कॉलेज निघाले, नंतर विरार, पालघर, कामण इथेही निघाली, तेव्हाच भुईगावची मुलगी संध्याकाळी घरी परतून इंजिनिअर होऊ शकेल अशी सोय झाली, हेही तितकेच खरे.

गरजेतून निघालेल्या जुन्या कॉलेजांची प्रयोगशाळा, ग्रंथालय, माजी विद्यार्थी ही शिल्लक त्यांच्या नावात असते. नव्या कॉलेजाचे नाव तसे काही सांगत नाही. तिथे जाऊनच पाहावे लागते. शाखा कोणती हवी तेही आधी ठरले पाहिजे, कारण एनबीए मानांकन देते ते शाखेला, संपूर्ण कॉलेजला नाही. फाटकावरची पाटी 'एनबीए' म्हणते तेव्हा कोणत्या शाखेला आणि कोणत्या सालापर्यंत, हे विचारावे. नॅकची श्रेणी मात्र संस्थेची असते. फी किती, ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि जाहीर करते. शिवाय जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. त्या घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुलीच्या वडिलांनी ते वाक्य आम्हाला दोनदा बोलायला लावले.

एक गोष्ट आमच्या शिक्षकमित्रांनी सांगितली, ती इथे नोंदवतो. अर्जात पहिल्या क्रमांकावर लिहिलेले कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते. नाकारले तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. दरवर्षी कोणीतरी घाईत मित्राचा क्रम उतरवतो आणि तिथेच अडकतो.

मुलीला यंत्रे आवडतात. वाडीतला पाण्याचा पंप ती स्वतः उघडते. तरीही तिच्या यादीत पहिली सहा नावे कॉम्प्युटर शाखेची होती. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सगळे तेच भरतात." सरांनी पेन्सिल तिच्याकडे सरकवली. पुढच्या सोमवारी ती, तिचे वडील आणि सर असे तिघे जण दोन कॉलेजांच्या कार्यशाळा पाहायला निघणार होते. एक वसई रोडचे आणि दुसऱ्यासाठी दादरला उतरून माटुंग्याला जायचे होते. सकाळी किती वाजताची एसटी धरायची, यावर बापलेकींचा वाद चालू असताना आम्ही निघालो.