करवीरच्या देवीची दोन नामे : 'महालक्ष्मी' आणि 'अंबाबाई' यांचा अर्थविचार

प्रास्ताविक

कोल्हापूरच्या देवीस 'महालक्ष्मी' म्हणावे की 'अंबाबाई', हा प्रश्न गेल्या काही वर्षांत केवळ बोलण्यातील सवयीचा राहिलेला नाही. २०१५ मध्ये मूर्तीवर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया झाली, तेव्हा मस्तकावरील नागाच्या आकृतीवरून वादंग माजले. २०१७ मध्ये देवीस घागरा-चोळी नेसविल्यावरून आंदोलन उभे राहिले आणि त्यातून पुजाऱ्यांच्या वंशपरंपरागत हक्काचा प्रश्न ऐरणीवर आला. नवरात्रात तिरुपतीहून येणारा शालू कोणत्या नात्याने येतो, याविषयीही मतभेद आहेत. या सर्व वादांच्या मुळाशी एक समीकरण आहे. 'महालक्ष्मी' म्हटले की विष्णुपत्नी आणि 'अंबाबाई' म्हटले की पार्वती अथवा आदिशक्ती, हे ते समीकरण होय. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना ते मान्य असते. भांडण असते ते यांपैकी कोणते नाव खरे याविषयी. प्रस्तुत लेखात या समीकरणाचीच तपासणी करावयाची आहे.

'लक्ष्मी' या शब्दाचा मूळ अर्थ

नामाचा अर्थ शोधताना आपण प्रथम व्युत्पत्तीकडे वळतो. 'लक्ष्मी' हा शब्द 'लक्ष्मन्' म्हणजे खूण, चिन्ह या शब्दाच्या कुळातील आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ज्ञानसूक्तात (१०.७१) सुज्ञांच्या वाणीवर कल्याणकारी 'लक्ष्मी' ठेवलेली असल्याचे म्हटले आहे. तेथे हा शब्द देवतावाचक नसून शुभचिन्ह या अर्थाचा आहे. अथर्ववेदातील एका सूक्तात (७.११५) तर 'पापी लक्ष्मी' दूर उडून जावी अशी प्रार्थना आहे. माणसाच्या देहाबरोबर एकशे एक लक्ष्मी जन्माला येतात, त्यांपैकी पापी निघून जाव्यात आणि शुभ राहाव्यात, असा त्या सूक्ताचा आशय आहे. म्हणजे लक्ष्मी शुभही असे आणि अशुभही असे. यास्कानेही निरुक्तात या एकाच शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती देऊन ठेवल्या आहेत. त्यांत लाभापासून लज्जेपर्यंत बरेच काही सामावले आहे.

वाजसनेयी संहितेतील पुरुषसूक्ताच्या उत्तरभागात 'श्री' आणि 'लक्ष्मी' या त्या पुरुषाच्या दोन पत्नी म्हणून स्वतंत्रपणे येतात. त्या पुढे एकरूप झाल्या आणि विष्णूशी जोडल्या गेल्या. विष्णुपत्नी हा अर्थ म्हणून खोटा ठरत नाही. मात्र तो या शब्दाच्या दीर्घ प्रवासातील एक मुक्काम आहे, एवढे येथे लक्षात घ्यावयाचे. व्युत्पत्ती याहून अधिक काही सांगू शकत नाही. एखाद्या क्षेत्रातील देवतानामाचा अर्थ ते नाव कोणत्या लेखात, कोणत्या ग्रंथात आणि कोणत्या मूर्तीसमोर उच्चारले गेले, यावरून ठरवावा लागतो.

कोरीव लेखांतील महालक्ष्मी

राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष याच्या संजान ताम्रपटात (शके ७९३, इ. स. ८७१) एक विलक्षण उल्लेख आहे. लोकांवरील अरिष्ट शांत व्हावे म्हणून या राजाने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीस अर्पण केले, असे त्यात म्हटले आहे. त्याच श्लोकात जीमूतवाहन, शिबी आणि दधीची यांच्या देहदानाशी या कृत्याची तुलना केली आहे. ताम्रपटात स्थळाचे नाव नाही. परंतु ही देवी कोल्हापूरचीच असावी, असे अभ्यासक मानत आले आहेत. ज्या देवीस अवयवाचे दान करावे आणि जिने त्या बदल्यात सर्व प्रजेवरील संकट निवारावे, ती देवी धनधान्याच्या अधिष्ठात्रीपेक्षा उग्र व रक्षक शक्तीच्या अधिक जवळची वाटते. तथापि येथे घाई करून चालणार नाही. त्याच श्लोकात राजाचा उल्लेख 'वीरनारायण' या बिरुदाने आला आहे. नारायण म्हणविणाऱ्या राजाने महालक्ष्मीस बोट वाहावे, यात वैष्णव संकेताची छटा कवीला अभिप्रेत असणे शक्य आहे. एकाच श्लोकात दोन्ही अर्थांना वाव आहे, हे या विषयाच्या स्वरूपाला साजेसेच म्हणावे लागेल.

कोल्हापूरच्या शिलाहारांच्या लेखांत राजाच्या बिरुदावलीत 'श्रीमन्महालक्ष्मीलब्धवरप्रसाद' हे बिरुद येते. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेल्या शिलाहार लेखांतून त्याचा आढळ होतो. विशेष असे की, जैन मंदिरास दान दिल्याची नोंद करणाऱ्या विजयादित्याच्या लेखातही हे बिरुद गाळलेले नाही. राजाला राज्य देणारी कुलदेवता असा येथे महालक्ष्मीचा अर्थ आहे. तिचा पती कोण, हा प्रश्न त्या लेखांना पडलेलाच नाही.

सप्तशती, रहस्यग्रंथ आणि मूर्ती

या विषयातील निर्णायक पुरावा माझ्या मते देवीमाहात्म्यात, म्हणजे आपण ज्यास 'सप्तशती' म्हणतो त्या मार्कंडेयपुराणांतर्गत ग्रंथात आहे. या ग्रंथाची तीन चरिते मानली जातात. मध्यम चरितात (अध्याय २ ते ४) महिषासुरवधाची कथा आहे आणि पाठाच्या विनियोगात त्या चरिताची देवता 'महालक्ष्मी' सांगितली आहे. परंतु प्रत्यक्ष कथेत युद्ध करणाऱ्या देवीला ग्रंथकार वारंवार 'चंडिका' आणि 'अंबिका' या नावांनी संबोधतो. नित्यपाठ करणाऱ्यांच्याही नजरेतून निसटणारी ही गोष्ट आहे. कथेच्या मजकुरात जी अंबिका, तीच पाठाच्या अंगांत महालक्ष्मी ठरते. दोन पक्ष ज्या नावांवरून भांडतात, ती दोन्ही नावे एकाच ग्रंथात एकाच देवीला मिळालेली आहेत.

सप्तशतीस जोडलेल्या 'प्राधानिक रहस्य' या प्रकरणात हा विचार अधिक स्पष्ट होतो. तेथे महालक्ष्मी ही त्रिगुणात्मक, सर्वांची आद्य कारणरूप देवी आहे. तिच्यापासून महाकाली आणि महासरस्वती प्रकट होतात. पुढे या तिघी प्रत्येकी एक स्त्री-पुरुषयुगुल निर्माण करतात. महालक्ष्मीपासून ब्रह्मदेव आणि श्री, महाकालीपासून शिव आणि सरस्वती, महासरस्वतीपासून विष्णू आणि गौरी. मग महालक्ष्मी स्वतः या जोड्या लावून देते आणि त्यात श्री ही वासुदेवाला देते. म्हणजे विष्णूची पत्नी लक्ष्मी ही महालक्ष्मीची निर्मिती आहे. विवाह लावून देणारी आणि जिचा विवाह लावला गेला ती, या दोघी भिन्न आहेत. 'महा' हे उपपद येथे गौरवार्थी नाही. ते एक वेगळे तत्त्व सुचविते.

याच प्रकरणात महालक्ष्मीचे जे मूर्तिलक्षण दिले आहे, ते करवीरच्या मूर्तीशी जुळते. हातांत म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र, आणि मस्तकावर नाग, लिंग व योनी, असे ते वर्णन आहे. कोल्हापूरच्या मूर्तीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र आहे आणि पाठीशी सिंह आहे. कमळे नाहीत, हत्ती नाहीत, हातातून ओघळणारी नाणी तर नाहीतच. तेराव्या शतकात हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडात विश्वकर्मशास्त्राच्या आधारे कोल्हापूरच्या महालक्ष्मीचे लक्षण स्वतंत्रपणे नोंदविले. तिचे रूप अन्यत्रच्या लक्ष्मीहून वेगळे आहे, याची जाणीव यादवकाळातील शास्त्रकारांना होती, असाच याचा अर्थ होतो. मस्तकावरील नागाच्या आकृतीवरून २०१५ मध्ये वातावरण एवढे का तापले, हेही यावरून कळते. ती आकृती म्हणजे त्या नामाच्या अर्थाचा दगडातील पुरावा होय.

पुराणांतील याद्या आणि त्यांच्या मर्यादा

देवी शैव असल्याचे सिद्ध करण्यासाठी मत्स्यपुराणातील (अध्याय १३) एकशे आठ नामांची यादी अनेकदा पुढे केली जाते. दक्षाशी बोलताना सती तेथे आपली स्थाननिहाय नावे सांगते आणि त्यात करवीर येथील महालक्ष्मीचा समावेश आहे. तेव्हा महालक्ष्मी म्हणजे सतीच, असा हा युक्तिवाद असतो. परंतु त्याच यादीत द्वारकेची रुक्मिणी, वृंदावनातील राधा आणि चित्रकूटची सीता याही सतीच्याच रूपांत गणल्या आहेत. या न्यायाने रुक्मिणीही शिवपत्नी ठरेल! यादीचा हेतू सर्व देवींना एका शक्तीत सामावून घेण्याचा आहे, पती ठरविण्याचा नाही. ललितासहस्रनामात 'महालक्ष्मी' या नामाला लागूनच 'मृडप्रिया', म्हणजे शिवाची प्रिया, हे नाम येते. तेथेही हाच समन्वय दिसतो.

वैष्णव बाजूचा आधारही अगदी अलीकडचा नाही. वेंकटाचलमाहात्म्यात भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारल्याने रुष्ट झालेली लक्ष्मी वैकुंठ सोडून करवीरास येते, अशी कथा आहे. तिरुपतीच्या शालूमागील भावना या कथेतून आलेली आहे आणि तिला अवमानकारक मानण्याचे कारण नाही. मात्र ही कथा तिरुमलच्या क्षेत्राने आपले नाते करवीरशी जोडण्यासाठी सांगितलेली आहे. कोल्हापूरच्या स्थानिक माहात्म्यातील कथा कोलासुराच्या वधाची आहे. ती अन्य कोणाचा रुसवा सांगत नाही, देवीचा पराक्रम सांगते.

'अंबाबाई' : संबोधन आणि नाते

'अंबा' म्हणजे आई. या शब्दाचा इतिहासही सरळ नाही. वाजसनेयी संहितेत (३.५७) अंबिका ही रुद्राची बहीण आहे. तैत्तिरीय आरण्यकात रुद्राला 'अंबिकापती' म्हटले आहे. बहिणीची पत्नी झाली ती ग्रंथांच्या काही पिढ्यांत! तेव्हा 'अंबा म्हणजे पार्वतीच' हे विधानही 'लक्ष्मी म्हणजे विष्णुपत्नीच' या विधानाइतकेच उत्तरकालीन आहे.

मराठीत 'अंबाबाई' हे नाव केवळ कोल्हापूरचे नाही. तुळजापूरची भवानीही गोंधळात अंबाबाई म्हणूनच साद ऐकते. आंबेजोगाईची योगेश्वरी ही जोगाई आणि अंबा दोन्ही आहे. 'आई', 'बाई' हे प्रत्ययवजा शब्द मराठी माणूस देवीला घरातील वडीलधाऱ्या स्त्रीप्रमाणे लावतो. तुकाई, यमाई, मरीआई ही नावे याच रीतीने घडली. 'महालक्ष्मी' हे नाम दानपत्रात, स्तोत्रात आणि संकल्पात उच्चारले जाते, तर 'अंबाबाई' हे हाक मारताना. नामकोशाच्या दृष्टीने हा फरक नीट नोंदवला गेला पाहिजे. एक नाव देवी कोण आहे ते सांगते, दुसरे ती आपली कोण आहे ते सांगते. घरातल्या माणसाचेही सरकारी दफ्तरातील नाव वेगळे आणि हाकेचे नाव वेगळे असते. त्यांपैकी एक खोटे असे आपण म्हणत नाही.

भाद्रपदातील साक्ष

या दोन परंपरा एकमेकींस परक्या नाहीत याचा पुरावा महाराष्ट्राच्या घराघरांत दरवर्षी उभा राहतो. भाद्रपद शुद्ध पक्षात ज्येष्ठा-कनिष्ठांचे जे पूजन होते, त्यास पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात 'गौरी' म्हणतात आणि मराठवाडा-विदर्भात 'महालक्ष्म्या' म्हणतात. मुखवटे, आवाहन, दुसऱ्या दिवशीचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशीची पाठवणी हा क्रम तोच असतो. एके ठिकाणी शिवपत्नीचे नाव, दुसरीकडे ज्यास आपण विष्णुपत्नीचे नाव समजतो ते. बीडची मुलगी साताऱ्यास सून म्हणून गेली, तर माहेरच्या महालक्ष्म्या सासरी गौरी होतात आणि यात काही विसंगती आहे असे कोणासही वाटत नाही. त्यांतील थोरली 'ज्येष्ठा' हे नाव पुराणांत अलक्ष्मीचे आहे, हेही विसरू नये. अथर्ववेदातील शुभ आणि पापी लक्ष्मींची ती दूरची आठवण असावी, असा माझा कयास आहे.

मग 'महालक्ष्मी' या नामाचा अर्थ आजच्या वाचकाच्या मनात इतका आक्रसला कसा? याचे एक कारण छापील चित्रांत आहे. राजा रविवर्मा यांचा मुद्रणालयाचा उद्योग १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीचे त्यांचे चित्र घरोघरी, दुकानोदुकानी पोहोचले. पुढे दिनदर्शिका आणि मार्गशीर्षातील गुरुवारच्या व्रताच्या पुस्तिका यांनी तेच रूप रुजविले. गदा आणि ढाल धारण करणारी देवी गाभाऱ्यात राहिली, नाव मात्र भिंतीवरच्या चित्राला चिकटले. त्या चित्रातील लक्ष्मी करवीरची देवी नव्हे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. त्यासाठी 'महालक्ष्मी' हे नामच टाकावे, हा त्यांचा निष्कर्ष मात्र संजानचा ताम्रपट, शिलाहारांचे लेख आणि रहस्यग्रंथ यांच्यासमोर टिकत नाही.

२०१८ मध्ये राज्य विधिमंडळाने या मंदिरासाठी स्वतंत्र कायदा संमत केला. त्याच्या शीर्षकात 'श्री करवीर निवासिनी महालक्ष्मी' असे नाव असून पुढे कंसात 'अंबाबाई' असे लिहिले आहे.