कणसाखालचा विस्तव

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाने ठरवलं, की घाटरस्त्याच्या वळणावर कणसं भाजून विकायची. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. मका आपल्याच शेतातला, लिंबू-मीठ-तिखट घरचं. सगळं जुळलं आणि एका गोष्टीवर घोडं अडलं. शेगडी कोळशाची ठेवायची की गॅसची?

तरण्या सुना म्हणाल्या, गॅस. हात काळे होत नाहीत, पंख्याने वारा घालत बसायला नको, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बंद करता येतो. जुन्या बायका म्हणाल्या, गॅसवरच्या कणसाला चव कुठली? तासभर हेच चाललं. शेवटी गटातली सगळ्यात वयस्क मावशी, जिचं माहेर कातकरवाडीतलं, ती म्हणाली, "चवीचं नंतर बोला. कोळसा कुणाच्या भट्टीतला आणणार, ते आधी सांगा."

कुणालाच उत्तर देता आलं नाही. कोळसा बाजारातून पोत्याने येतो, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून मग त्या पावसाळ्यात आम्ही थोडं वाचलं, थोडं विचारलं. हाती आलं ते आज तुम्हाला सांगतो.

कोळसा दोन जातींचा. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा, आणि लाकडापासून करतात तो लोणारी कोळसा. लोणारी समाजाचा हा पिढीजात धंदा, चुनाही तेच भाजत, म्हणून हे नाव. कणसाखाली असतो तो हा लोणारी कोळसा. तो करायची रीत साधी दिसते, पण अंगावर येणारी आहे. ओंडके रचायचे, वर पालापाचोळा आणि मातीचा जाड थर द्यायचा, बारीक भोकं ठेवायची आणि आत आग लावायची. हवा कमी मिळाल्यामुळे लाकूड पेटत नाही, आतल्या आत करपत जातं. हे काही दिवस चालतं. माती कुठे भेगाळली की हवा शिरते आणि सगळ्याची राख होते, म्हणून रात्रीसुद्धा कुणीतरी जागं राहून राखण करावी लागते. मातीच्या अशा भट्टीत १ किलो कोळशासाठी साधारण ४ ते ६ किलो लाकूड जातं. आपण एक पोतं उचलतो, तेव्हा पाच पोती लाकूड आधीच खर्ची पडलेलं असतं.

आता मावशीच्या माणसांची गोष्ट. कातकरी हे नाव कातावरून आलं. विड्यात घालतो तो कात. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून कात पाडायचं काम रायगड, ठाणे, पुण्याच्या डोंगरांतली ही माणसं करत. पुढे इंग्रज सरकारने १८७८ चा वनकायदा आणला. राखीव जंगलात खैराला हात लावणं गुन्हा झाला आणि कात पाडणाऱ्यांचा धंदाच गेला. पण मुंबई वाढत होती, तिथल्या घरांना आणि हॉटेलांना कोळसा हवा होता. व्यापारी लाकडाचा ठेका घेत आणि राबायला कातकऱ्यांना आणत. जंगल जवळपास तेच राहिलं. आधी ती माणसं आपला कात पाडत होती, आता दुसऱ्याचा कोळसा पाडू लागली.

मजुरीची रीत अशी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. दिवाळी झाली की नवरा-बायको-पोरं सगळं बिऱ्हाड भट्टीवर. पाऊस जवळ आला की हिशोब. हिशोब मुकादमाच्या वहीत, वाचता येतं त्यालाच. बहुतेक वेळा उचल फिटलेलीच नसते, मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. मावशी सांगते की तिचा जन्म भट्टीवर झाला, कुठल्या गावच्या शिवारात ते तिच्या आईलाही नीट सांगता येत नव्हतं. भट्टीवर बाईची वेगळी मजुरी नसायची. जोडप्याचा एकच हिशोब, आणि तो पुरुषाच्या नावावर. बायांनो, हे ऐकताना आपल्याच गावातल्या ऊसतोडीच्या 'कोयत्या'ची आठवण येते की नाही बघा. तिथेही नवरा-बायको मिळूनच एक कोयता.

हे सगळं सरकारला माहीत नव्हतं असं नाही. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींची पाहणी केली, तिचा अहवाल १९३९ साली निघाला. जमीनदार आणि जंगल ठेकेदार आदिवासींना कसे राबवतात, ते त्यात लिहिलेलं होतं. अहवाल निघाला आणि पडून राहिला. त्याच सुमारास दुसरं महायुद्ध पेटलं आणि पेट्रोल रेशनवर गेलं. तेव्हा मोटारींच्या मागे पिंपासारखी टाकी बसवत, तिच्यात लोणारी कोळसा घालत आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर मोटार चालवत. म्हणजे कोळसा आणि गॅस हा आमचा वाद त्या मोटारींनी एकाच टाकीत मिटवला होता! पण कोळशाला मागणी वाढली की जंगल तोडणाऱ्या हातांवर ओझंही वाढायचंच. १९४५ साली तलासरी-डहाणूकडे गोदावरी परुळेकर वारली स्त्री-पुरुषांबरोबर उभ्या राहिल्या आणि वेठबिगारी करणार नाही असं लोकांनी जमीनदारांना तोंडावर सांगितलं. जंगलकामाच्या मजुरीसाठीही त्या भागात संप झाले. त्या दिवसांवर गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. आपल्या गावच्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्या.

कायदा यायला मात्र १९७६ उजाडलं. वेठबिगार निर्मूलनाचा हा कायदा म्हणतो, की उचलीच्या मोबदल्यात माणसाला बांधून राबवणं गुन्हा आहे, आणि असं कर्ज फेडायची गरजच नाही, ते कायद्यानेच रद्द झालं. तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे करता येते, दुसऱ्या कुणी केली तरी चालते. आजही दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर जातात, बरीच कर्नाटकाकडे आणि सोलापूरकडच्या माळरानांवर, जिथे वेडी बाभूळ माजली आहे. सगळ्याच भट्ट्या वाईट असतात असं आम्ही म्हणत नाही. वेडी बाभूळ तोडली तर शेतकऱ्याला बरंच वाटतं. पण पोत्यावर कुठे लिहिलेलं असतं, आतला कोळसा कोणत्या भट्टीतला?

गॅसची गोष्ट त्यामानाने छोटी, आणि बराच काळ ती शहराचीच. मुंबईत गॅस पहिल्यांदा आला तो स्वयंपाकाला नाही, रस्त्यावरच्या दिव्यांना. साल १८६५. हा गॅस दगडी कोळशापासून काढलेला. टाकीतला स्वयंपाकाचा गॅस विसाव्या शतकाच्या मध्यावर, १९५५ च्या सुमारास, बर्मा-शेल कंपनीने मुंबईत विकायला सुरुवात केली. सरकारी इंडियन ऑइलने १९६५ मध्ये कलकत्त्यात इंडेन आणला. आपल्यापैकी किती जणींच्या सासूने नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली ते तुम्हीच आठवा. गरीब घरातल्या बाईच्या नावावर जोडणी द्यायची उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. आमच्या गावात तेव्हा टाक्या आल्या. त्यातल्या काही दुसऱ्यांदा भरल्या गेल्याच नाहीत, चुलीशेजारी उभ्या राहिल्या, कारण भरायला पैसे एकरकमी लागतात आणि सरपण पायाने चालत जाऊन मिळतं.

शहर मात्र आता कोळशापासून दूर जायला निघालं आहे. ९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यावं. मागोमाग महापालिकेने कोळशाच्या तंदूर भट्टीवाल्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. हवा बिघडते हे खरंच आहे. पण ज्या शहराने दीडशे वर्षं डोंगर जाळून पोळ्या-कबाब भाजले, त्याने शेवटी निकाल दिला तो धुराचा. भट्टीवरच्या बाईचा विषय कुठल्या नोटिशीत निघाला नाही.

असो. आम्ही एका रविवारी दोन्ही शेगड्या शेजारी-शेजारी मांडल्या. गॅसवरचं कणीस पटकन काळं पडलं आणि दाणा आत ओलाच राहिला. निखाऱ्यावरचं हळूहळू तडतडत सगळीकडून सारखं भाजलं. चवीचं म्हणणाऱ्या बायका नुसत्या हट्टाने बोलत नव्हत्या. याला कारण आहे. १ किलो गॅस जळला की दीड किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, म्हणजे ती आच ओलसर असते. चांगला जळलेला लोणारी कोळसा जवळजवळ नुसता कार्बन, त्यामुळे त्याची आच कोरडी, आणि निखाऱ्याची धग ज्वाळेसारखी एकाच जागी लागत नाही. आपला हुरडा गोवऱ्यांच्या आगटीतच का भाजतात, रायगडकडे पोपटीचं मडकं पाल्याखाली का लावतात, तेही याच जातीचं शहाणपण. चहा मात्र गॅसवरच. त्यात दुमत झालं नाही.

पैशाचा हिशोब नुसत्या भावावरून करू नका. वजनाला वजन धरलं तर गॅसची उष्णता कोळशाच्या दीडपट, वर गॅस हवा तेव्हा बंद होतो. कोळशाची शेगडी गिऱ्हाईक नसतानाही खातच राहते. गर्दीच्या दिवशी कोळसा परवडतो, रिकाम्या दिवशी गॅस. आणि एक ध्यानात ठेवा, घरची १४.२ किलोची लाल टाकी टपरीवर वापरणं नियमाबाहेर आहे. धंद्याला १९ किलोची निळी टाकी किंवा ५ किलोची छोटी व्यावसायिक टाकी घ्यावी लागते. आम्हाला हे आधी माहीत नव्हतं. कुणीतरी येऊन दमदाटी केली तेव्हा कळलं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो, म्हणून टाकी खड्ड्यात किंवा प्लास्टिकने चहूबाजूंनी बंद केलेल्या टपरीत ठेवू नका. गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून.

कोळशाचं संकट याच्या उलट. त्याच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासच नाही. कार्बन मोनॉक्साइड म्हणतात तो हा. मघाशी त्या युद्धातल्या मोटारी सांगितल्या ना, त्यांच्या गॅसमध्ये जळण्याजोगा भाग मुख्यतः हाच होता. रस्त्यावर तो उडून जातो, बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडी ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. आजी, मावशी, काकू, ज्या कुणी ऐकत-वाचत असाल त्यांना हात जोडून सांगतो, शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून द्या, आणि झोपायच्या आधी शेगडी अंगणात न्या. टपरीवरची अर्धवट विझलेली शेगडीसुद्धा पावसाच्या भीतीने घरात घेऊ नका.

मग ठरलं काय? मावशीचा प्रश्न तसाच होता. इथे पुण्याच्या आरती संस्थेचं काम आमच्या उपयोगी पडलं. डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेने शेतात जाळून टाकतात त्या उसाच्या पाचटापासून कोळसा करायची भट्टी तयार केली. पाचट पत्र्याच्या पिंपात कोंबायचं, पिंप भट्टीत बाहेरून तापवायचं, आतून निघणारा वायूच पुढे जळण म्हणून कामाला येतो. पिंपात उरलेला चुरा खळीत कालवून त्याच्या वड्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. अमेरिकेत असाच प्रकार शंभर वर्षांपूर्वी मोटारवाल्या हेन्री फोर्डने केला होता. मोटारीच्या लाकडी भागांतून उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून वड्या पाडल्या आणि आपल्याच मोटार विक्रेत्यांकडून विकल्या. त्याच्याकडे कारखाना होता, आमच्याकडे दोन जुनी पिंपं.

आमच्याकडे ऊस फारसा नाही. पण गिऱ्हाईक खाऊन टाकतं ती कणसाची दांडकी ढिगाने पडतात. पावसाळाभर ती आम्ही गोळा केली, दिवाळीनंतर वाळवली आणि माघात पिंपात भरली. पहिल्या खेपेला निम्मी राखच निघाली, झाकण नीट बसलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला मावशी स्वतः पिंपापाशी बसली. तिने धुराचा रंग बघून भोकं लिंपायला सांगितली. वड्यांसाठी खळ शिळ्या पिठाची केली. त्या वड्या जरा भुसभुशीत झाल्या, विस्तव धरायला वेळ लावतात, म्हणून त्यांच्याखाली बांधावरच्या वेड्या बाभळीचा थोडा कोळसा घालतो, तोही आमच्याच पिंपातला. एवढ्याने पूर्ण हंगाम निघत नाही. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी निळी टाकीच पेटते आणि कणसं उकडून विकतो. बाजारातलं पोतं अजून आणलेलं नाही.

मावशीची मजुरी गटाच्या वहीत तिच्या स्वतःच्या नावावर लिहिली जाते. पहिल्या आठवड्याचा हिशोब तिने आमच्याकडून तीनदा वाचून घेतला आणि मग अंगठा उमटवला.