गिअर कुठे गेला?

वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आठवते ना? पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गिअर खाली, दोन सीटांच्या मध्ये गेला. जुन्या ड्रायव्हरांचा हात मात्र बरेच दिवस वरच चाचपडायचा!

१ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींत पट्ट्याची आठवण, ताशी ८० च्या वर इशारा, मागे घेताना सेन्सर आणि ड्रायव्हरपुढे एअरबॅग सक्तीची झाली. (नांदूरघाटच्या रस्त्याला ऐंशी कोण गाठतो म्हणा.) टुकटुक नको म्हणून पट्टा पाठीमागून अडकवून बसणारे बघितले की मात्र राग येतो. हात नव्या गिअरला सरावला, मग खांद्याला पट्टा का जड व्हावा?