एक नाव, अनेक धनी

एका माणसास दुसऱ्यापासून वेगळे ओळखता यावे म्हणून नाव ठेवावयाचे, असा आपला सामान्य समज असतो. पण महाराष्ट्रातील घराण्यांचा परिपाठ पाहिला तर उलटाच प्रकार आढळतो. आजा निवर्तला की नातवास त्याचे नाव द्यावे, अकाली गेलेल्या चुलत्याचे नाव पुतण्यास ठेवावे, ही येथील रीत. येथे नाव माणसास वेगळा करीत नाही. त्यास पूर्वजांशी जोडते. या रीतीचे बरेवाईट परिणाम भोसले घराण्याच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिरास नवस केला आणि त्या एका नावातून दोन पुत्रांस शहाजी व शरीफजी ही नावे दिली, अशी परंपरा आहे. शहाजीराजांचा वडील पुत्र संभाजी कनकगिरीस मारला गेला. पुढे १६५७ साली पुरंदरावर शिवाजीमहाराजांस पुत्र झाला, त्याचे नाव संभाजी. शरीफजींचे नाव दूर तंजावरास 'शरफोजी' या रूपाने टिकले. तेथील दुसरे शरफोजी सरस्वती महाल ग्रंथालयामुळे कीर्ती पावले. त्यांच्या मागून गादीवर आलेले, १८५५ साली वारलेले अखेरचे राजे, तेही शिवाजीच.

परंतु या नामसाम्याची खरी कसोटी १७०७ साली लागली. महाराज १६८० त निवर्तले. दोन वर्षांनी संभाजीराजांस पुत्र झाला, त्याचे नाव शिवाजी. राजाराममहाराज व ताराबाई यांस १६९६ त पुत्र झाला, त्याचेही नाव शिवाजी. पहिला बालपणीच मोगलांच्या कैदेत पडला व 'शाहू' म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसऱ्यास ताराबाईंनी १७०० साली गादीवर बसविले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू सुटून आला, तेव्हा एकाच आजोबांचे एकाच नावाचे दोन नातू एकाच गादीसाठी समोरासमोर उभे राहिले. ताराबाईंनी तर आलेला शाहू तोतया आहे असेच जाहीर केले. नावावरून हक्क सिद्ध होण्यासारखा नव्हता. तो खेडच्या लढाईत आणि धनाजी जाधवासारख्या सरदारांच्या मनात ठरला. पुढे १७३१ साली वारणेचा तह झाला. त्यात शाहूमहाराजांसमोर कोल्हापूरचे जे चुलतबंधू होते, त्यांचे नाव संभाजी, म्हणजे शाहूंच्या स्वतःच्या वडिलांचे!

अभ्यासकाची अडचण येथूनच सुरू होते. मराठ्यांच्या छत्रपतींत ताराबाईंचा पुत्र हा दुसरा शिवाजी. कोल्हापूरच्या गादीची गणना मात्र त्याच्यापासूनच होत असल्याने तेथे तो पहिला, आणि १७६२ साली दत्तक आलेले शिवाजी दुसरे. तेव्हा 'दुसरे शिवाजी' एवढ्याच शब्दांवर विसंबणारा वाचक एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या पदरी टाकील. सन, गादी आणि पित्याचे नाव ही तीन प्रमाणे जुळल्यावाचून अशा ठिकाणी निर्णय देऊ नये.

स्थळांचीही हीच कथा. शिवनेरीच्या शिवाई देवीवरून महाराजांचे नाव ठेवले, असे परंपरा सांगते. तेच नाव पुढे स्थळांकडे परत आले. पुण्यालगतचे भांबुर्डे शिवाजीनगर झाले, आणि शिवाजीनगर बंगळुरातही आहे.

या रीतीमुळे इतिहासकारास कष्ट पडतात, हे खरे. पण तिच्यात एक औदार्यही आहे. ज्या शाहूस ताराबाईंनी तोतया म्हटले, त्याचेच नाव कोल्हापूरच्या गादीने १८८४ साली आपल्या दत्तक पुत्रास दिले. आणि त्या राजाने १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी आपल्या संस्थानातील निम्म्या जागा राखून ठेवून ते नाव नव्याने उजळले. दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव त्या घराण्याने स्वखुशीने आपले केले. तलवारीने व तहाने दुभंगलेले घर निदान नावात तरी पुन्हा एक झाले.