आभासी यंत्रांतील ग्राफिक्स उपकरणांचे नामकरण

संगणकात बसविलेले उपकरण ओळखावे कसे, या प्रश्नाचे एक उत्तर १९९२ साली पीसीआय या जोडणीच्या मानकाने दिले. प्रत्येक उपकरणाने उत्पादकाचा एक व नमुन्याचा एक असे १६ बिटांचे दोन अंक बाळगावयाचे. ते वाचून कार्यकारी प्रणाली योग्य तो ड्रायव्हर शोधते. मात्र हे नाव जातीचे, व्यक्तीचे नव्हे. एकाच नमुन्याची दोन कार्डे कोणत्या खाचेत बसली आहेत, एवढ्यावरूनच वेगळी कळतात. पाणिनीच्या १.२.६४ या सूत्रावरील वार्तिकांत कात्यायनाने दोन मते नोंदविली आहेत : शब्द आकृती सांगतो हे वाजप्यायनाचे, द्रव्य सांगतो हे व्याडीचे. त्या परिभाषेत ही योजना वाजप्यायनाच्या पक्षाची होय.

आभासी यंत्र म्हणजे एका संगणकाच्या पोटात आज्ञावलीने उभा केलेला दुसरा संगणक. त्यातील ग्राफिक्स कार्ड प्रत्यक्षात नसते, तरी त्यास नाव सांगणे भाग पडते. क्यूएमू या आज्ञावलीने पुष्कळ वर्षे सिरस लॉजिक कंपनीच्या जीडी ५४४६ या जुन्या चिपचे नाव धारण केले. पाहुण्या प्रणालीजवळ त्या नावाचा ड्रायव्हर आयताच असे. २०१४ च्या डिसेंबरातील २.२ या आवृत्तीने ही प्रथा मोडून दुसरे कार्ड नियत केले. त्याचा उत्पादक-अंक १२३४ आणि नमुना-अंक ११११. नोंदवहीतून घेतल्यापेक्षा सहज बोटांखाली आल्यासारखेच हे आकडे दिसतात.

व्यक्तिनामाची खरी निकड २०१८ साली वल्कन १.१ बरोबर पुढे आली. ओपनजीएल आणि वल्कन यांना एकच स्मृतिखंड वाटून घ्यावयाचा, तर दोघेही एकाच कार्डावर आहेत अशी खात्री हवी. त्यासाठी १२८ बिटांचे उपकरणचिन्ह ठरले. प्रक्रिया बदलो, ड्रायव्हरची आवृत्ती बदलो वा यंत्र पुन्हा सुरू होवो, ते बदलता कामा नये, असा दंडक आहे. आभासी यंत्रात तो पाळणे कठीण. तेथे दोन्ही ड्रायव्हर स्वतंत्र असू शकतात. त्यांनी आपापल्या रीतीने चिन्ह रचले, तर एकच कार्ड दोन ठरते व वाटणी नाकारली जाते. यजमानाच्या कार्डाचे चिन्ह आत पोचवावे, तर यंत्र दुसऱ्या यजमानावर हलविताच तेही पालटते.

म्हणून चिन्ह यदृच्छेने न निवडता स्थिर लक्षणांपासून गणिताने काढण्याची रीत सोयीची ठरते. नावापासून चिन्ह काढण्याची अशी तरतूद २००५ च्या आरएफसी ४१२२ या दस्तऐवजात होतीच. अडचण उरते ती लक्षणांच्या निवडीची. केवळ उत्पादक व नमुना घेतले, तर एकाच यंत्रातील दोन सारख्या कार्डांना एकच चिन्ह मिळते, म्हणजे पुन्हा जातिनामच. खाचेचा पत्ता मिसळला, तर ती वेगळी होतात. परंतु खाच बदलताच जुने कार्ड नवे ठरते.