निवृत्तीचे घर : स्वस्त सदनिका आणि स्लॅबचा प्रश्न

मुंबई-ठाण्यातील मोठे घर विकायचे, कल्याणच्या पलीकडे लहान घर घ्यायचे आणि उरलेल्या रकमेच्या व्याजावर निवृत्तीचा काळ काढायचा, हा हिशेब अनेक कुटुंबांत मांडला जातो. शहाड स्थानकाजवळील उल्हासनगर कॅम्प १ हा परिसर या हिशेबात बसतो. बाजारपेठ आणि दवाखाने हाकेच्या अंतरावर आहेत आणि कल्याण जंक्शन पुढच्याच स्थानकावर आहे. जुन्या इमारतींतील सदनिका तुलनेने स्वस्त मिळतात. थोडी डागडुजी केली की घर नव्यासारखे होते, असेही सांगितले जाते. ही डागडुजी नेमकी कशाची, हे मात्र व्यवहारापूर्वी तपासणे आवश्यक आहे.

शहराची जडणघडण

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींच्या जागी पुढे बहुमजली इमारती आल्या. त्यांपैकी अनेक विनापरवाना होत्या. त्या नियमित करण्यासाठी राज्य सरकारला २००६ मध्ये या शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये कॅम्प १ मधील मोहिनी पॅलेस आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आतच नेहरू चौकातील साईशक्ती या इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. १९९०च्या दशकातील बांधकामांत वापरलेल्या हलक्या प्रतीच्या ‘उलवा’ रेतीची चर्चा तेव्हा नव्याने झाली.

इमारतीची तपासणी

सदनिकेतील फरशी, नळ आणि वीजवाहिन्या बदलता येतात, पण खांब, तुळया आणि स्लॅब संपूर्ण इमारतीचे असतात. वरच्या मजल्यावरील स्लॅब खचला, तर खालच्या घराचे नूतनीकरण निरुपयोगी ठरते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. त्याचा अहवाल सोसायटीकडे मागावा. ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करावयाची इमारत. ‘सी-२ ए’मध्ये रिकामी करून, तर ‘सी-२ बी’मध्ये रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाची असते. ‘सी-३’मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरेशी असते. छताचे प्लास्टर सुटलेले असणे, गंजलेल्या सळ्या आणि स्वच्छतागृहाखालची ओल ही धोक्याची लक्षणे होत. ताजा रंग ती झाकू शकतो. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसविल्यास स्लॅबवरचा भार वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

कागदपत्रे

येथील बऱ्याच जमिनींची मूळ मालकी निर्वासितांना दिलेल्या सनदेवर आधारलेली आहे. म्हणून सनद, त्यानंतरच्या हस्तांतरणांची साखळी, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला अथवा नियमितीकरणाचा आदेश आणि सोसायटीची नोंदणी हे सर्व वकिलाकडून पडताळून घ्यावे. यातील एखादा दुवा नसल्यास बँक कर्ज नाकारू शकते आणि पुढे विक्रीही अडते. मालमत्ता कराची पावती हा बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे.

पैशाचा हिशेब

जुने घर विकून झालेला दीर्घकालीन भांडवली नफा नव्या घरात गुंतविला तर तेवढ्या रकमेवर करसवलत मिळते. लहान घर घेतल्यास नफ्याचा काही भाग शिल्लक राहून करपात्र ठरू शकतो. विक्रीपासून सहा महिन्यांत विशिष्ट सरकारी रोख्यांत ५० लाख रुपयांपर्यंत गुंतवणूक करून तो वाचविता येतो, मात्र ही रक्कम पाच वर्षे अडकते. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीची थकबाकी आणि इमारतीच्या दुरुस्तीतील वाटा हेही खरेदी किमतीत धरावेत.

उतारवयाची सोय

लिफ्ट नसलेल्या इमारतीतील चौथा मजला साठाव्या वर्षी चढवतो, पण पंचाहत्तरीत तोच जिना कैद ठरतो. तळमजल्याचा विचार असल्यास २६ जुलै २००५ च्या पुरात तेथे पाणी कुठवर आले होते, हे जुन्या रहिवाशांना विचारावे. इमारत ‘सी-१’ वा ‘सी-२ ए’ असेल, किंवा अहवालच उपलब्ध नसेल, तर कितीही स्वस्त दर मिळाला तरी आयुष्यभराची पुंजी त्यात घालू नये. घर आधी काही महिने भाड्याने घेऊन एक पावसाळा तेथे काढणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. गळके छत आणि तुंबलेले गटार त्या चार महिन्यांत आपोआप दिसून येतात.