चितपट झालेला रोबो उठतो कसा? फ्लिपरची गोष्ट

ज्यांना लोकलच्या आवाजात नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. आजचा विषय आहे फ्लिपर, म्हणजे समोरच्याला खालून उचलून उलटा पाडणारा लढाऊ रोबो.

कुस्तीत पाठ मातीला टेकली की पैलवान चितपट, विषय संपला. रोबोंच्या लढतींमध्येही सुरुवातीला हेच होतं. चाकं हवेत गेली की रोबो नुसता गरगरत पडून राहायचा. बॅटरी भरलेली, मोटार ठणठणीत, तरी हरला. यूट्यूबवर फ्लिपरचे व्हिडिओ बघताना आपण समोरचा किती उंच उडाला तेवढंच बघतो. मला मात्र वाटतं, फ्लिपरचा इतिहास कळून घ्यायचा असेल तर दुसरा प्रश्न विचारायला हवा. पडल्यावर कोण उठलं?

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, तीही व्हॅक्यूम क्लीनरपासून! मार्क थॉर्प नावाचा डिझायनर होता. 'स्टार वॉर्स'च्या सिनेमांची मॉडेल्स जिथे बनायची, त्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये त्याने काम केलेलं. १९९२ मध्ये तो रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवायला बसला. तो प्रकार काही जमला नाही, पण त्यातून त्याला रोबोंची झुंज लावायची कल्पना सुचली. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनमध्ये पहिलं 'रोबोट वॉर्स' भरलं.

पुढच्याच वर्षी तिथे 'ला मशीन' नावाचा रोबो आला. शस्त्र म्हणाल तर एक उतरती पाचर आणि भरपूर वेग. वेगात समोरच्याच्या खाली घुसायचं आणि त्याला कलंडून टाकायचं, बस. तो बनवणारे ट्रे रॉस्की आणि ग्रेग मन्सन हे चुलतभाऊ. याच दोघांनी पुढे 'बॅटलबॉट्स' सुरू केलं. फ्लिपरचा पूर्वज म्हणजे ही पाचर. समोरच्याच्या खाली शिरला तो जिंकला.

१९९८ मध्ये 'रोबोट वॉर्स' बीबीसीवर आलं. पहिल्या मोसमाचा विजेता 'रोडब्लॉक', तोही पाचरवालाच. आता पाचर आणि उचलणारे हात सगळ्यांकडे यायला लागले की काय होणार? आज तुम्ही पाडाल, उद्या तुम्हाला कुणीतरी पाडेल. यावर उत्तर घेऊन आला रेक्स गॅरॉड. हा टीव्हीसाठी यंत्रं बनवणारा कारागीर. लहान मुलांच्या 'ब्रम' या मालिकेतली छोटी गाडी त्याचीच. दुसऱ्या मोसमात त्याचा 'कॅसियस' उलटा पडला, लोकांना वाटलं संपला. आणि कॅसियसने आपला हात जमिनीवर आपटला, कोलांटी घेतली आणि सरळ चाकांवर उभा! समोरच्याला उचलायचा हात त्याने स्वतःला उचलायला वापरला. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा प्रेक्षकांनी असं काही बघितलंच नव्हतं.

गंमत म्हणजे त्या मोसमात कॅसियस जिंकला नाही. फायनलमध्ये 'पॅनिक अटॅक'ने त्याला रिंगणातल्या खड्ड्यात घातलं. पाठीवरून उठता येतं, खड्ड्यातून नाही. पण त्यानंतर रोबो डिझाइन करताना एक प्रश्न पक्का झाला: उलटा पडला तर काय?

मग आला जॉर्ज फ्रान्सिसचा 'केऑस २'. कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणारा फ्लिपर. याने 'फायरस्टॉर्म'ला चक्क रिंगणाच्या भिंतीपलीकडे भिरकावलं. असं करणारा हा पहिलाच. फायनलमध्ये समोर होता 'हिप्नो-डिस्क'. त्याची फिरती जड चकती लागली की भल्याभल्यांचे पत्रे फाटायचे. केऑस २ ने त्यालाही हरवलं, आणि पुढच्या मोसमात पुन्हा जिंकून विजेतेपद राखलं. तेही त्याच्याआधी कुणाला जमलं नव्हतं. तो स्वतः उलटा पडला तरी फ्लिपर मारून पुन्हा उभा राहायचा. धोबीपछाडही तोच डाव, आणि बचावही तोच.

आता पॉइंटचा प्रश्न. केऑस २ ला जे जमलं ते आपल्या दीड किलोच्या रोबोला का जमत नाही? इथे थोडं गणित करू, घाबरू नका.

समजा तुमच्याकडे २० किलो-सेंटिमीटर टॉर्कची सर्वो मोटार आहे आणि ती ६० अंश फिरायला ०.१६ सेकंद घेते. ऐकायला भारी वाटतं. पण पूर्ण टॉर्क आणि पूर्ण वेग एकाच वेळी कधीच मिळत नाही. हिशेब केला तर तिची जास्तीत जास्त ताकद साधारण ३ वॅट निघते. फ्लिपरच्या फटक्याला जेमतेम ०.१ सेकंद मिळतो. म्हणजे हाताशी ऊर्जा आली ०.३ ज्यूल. तेवढ्यात दीड किलोचा रोबो फार तर २ सेंटिमीटर वर जाईल. त्याला अर्धा मीटर उडवायचं तर ७ ज्यूलच्या वर लागतात.

आता गॅसकडे बघा. २५ मिलिमीटर व्यासाचा, ५० मिलिमीटर सरकणारा पिस्टन घ्या आणि त्याला १० बार दाब द्या. कागदावर २४ ज्यूल मिळतात. प्रत्यक्षात कमी, कारण गॅस बारीक नळीतून आणि व्हॉल्व्हमधून यायला वेळ लागतो. म्हणून मोठे फ्लिपर पिस्टनच्या अगदी जवळ गॅसची छोटी साठवण टाकी ठेवतात आणि मोठ्या तोंडाचा व्हॉल्व्ह लावतात. सगळा खेळ ऊर्जा आधी साठवून एका झटक्यात सोडण्याचा आहे. गोफण आठवा. गरगर फिरवून जमवलेला जोर एका क्षणात सुटतो.

गॅसचीही एक खोड आहे. बाटलीतला द्रव कार्बन डायऑक्साइड उकळून वायू होतो तेव्हा बाटली थंड पडते. २० अंशांना आतला दाब साधारण ५७ बार असतो, शून्य अंशाला तो ३५ वर येतो. त्यामुळे एकामागून एक फटके मारत गेलात तर शेवटचे फटके मरगळलेले निघतात.

आणि वजन? ब्रिटनमधल्या अँटवेट गटात अख्खा रोबो १५० ग्रॅमचा आणि ४ इंचांच्या घनात बसणारा लागतो. त्यात बाटली, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह बसवायचे तर चाकांना जागाच उरत नाही. म्हणून बहुतेक छोटे 'फ्लिपर' खरं तर लिफ्टर असतात. उडवत नाहीत, उचलून कलंडतात. यात कमीपणा मानू नका. अमेरिकेत कार्लो बर्टोचिनीच्या 'बायोहॅझर्ड'ने असाच विजेवर चालणारा, चार दांड्यांच्या जोडणीचा हात वापरून बॅटलबॉट्सची विजेतेपदं मिळवली.

बीटेकला असताना आमच्या ग्रुपनेही एक दीड किलोचा लिफ्टर बनवला होता. त्याला एक भूत लागलं होतं. चालायचा मस्त, पण हात उचलला की अख्खा रोबो सेकंदभर मरायचा आणि मग आपोआप जिवंत व्हायचा. मल्टीमीटर लावला तर व्होल्टेज व्यवस्थित. कारण ती घसरण इतकी क्षणिक असते की साधा मल्टीमीटर ती दाखवतच नाही. मग आम्ही कोड डिबग करतात तसंच केलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सर्वोला वेगळी बॅटरी दिली, फक्त ग्राउंड एकत्र ठेवलं. भूत गायब! म्हणजे अडकलेली सर्वो एकदम जास्त करंट ओढत होती आणि त्याच लाइनवरचा रिसीव्हर व्होल्टेज पडून रीसेट होत होता. सर्वोला स्वतंत्र रेग्युलेटर दिला आणि प्रश्न मिटला.

आणखी तीन दुखणी छोट्या फ्लिपरमध्ये हमखास भेटतात. पहिलं, सर्वोचे दात तुटणं. आपण मारलेल्या फटक्याने ते क्वचित तुटतात, वरून कुणी हातावर आदळलं की तुटतात. म्हणून खाली बसलेला हात चॅसिसवर टेकलेला हवा, म्हणजे धक्का गिअरपर्यंत जात नाही. दुसरं, पुढची धार. ती जमिनीपासून १ मिलिमीटर वर राहिली तरी समोरचा तुमच्या खाली शिरतो, तुम्ही त्याच्या नाही. धार बिजागरीवर मोकळी ठेवली तर ती स्वतःच्या वजनाने जमिनीला टेकून राहते. तिसरं, तरफेचा नियम. ओझं पुढच्या चाकांच्याही पुढे उचललंत तर तुमचीच मागची चाकं वर येतात. बॅटरी मागे सरकवा, चाकं पुढे घ्या.

सुरक्षेचंही सांगतो. काम करताना हाताला अडकवायची पिन हवीच, बाहेरून चटकन काढता येणारा पॉवर लिंक हवा, आणि रिमोट बंद केला की रोबो थांबलाच पाहिजे. गॅस वापरणार असाल तर दाब सोडायच्या व्हॉल्व्हशिवाय आणि जाणत्या माणसाशिवाय अजिबात नाही.

मधल्या काळात फिरत्या शस्त्रांनी मैदान मारलं, आपल्याकडच्या लढतींमध्येही. आयआयटी बॉम्बेच्या टेकफेस्टमध्ये पवईला रोबोवॉर्स बघायला गेलात तर सगळ्यात मोठा गलका स्पिनरच्या ठिणग्यांवर होतो. पण फ्लिपर संपला नाही. २०१६ मध्ये 'रोबोट वॉर्स' परत आलं तेव्हा 'अपोलो' नावाच्या फ्लिपरने फायनलमध्ये 'कार्बाइड' या स्पिनरला हरवलं, आणि वाटेत कार्यक्रमाच्या स्वतःच्या अजस्र रोबोंनाही उलटं केलं. २०१७ च्या शेवटच्या मोसमाचा विजेता 'इरप्शन', तोही फ्लिपरच.

याचं कारण मला साधं दिसतं. स्पिनर प्रत्येक फटक्याला स्वतःही हादरा खातो, कारण क्रियेला प्रतिक्रिया असतेच. शिवाय उलटा पडल्यावर काय करायचं, हा प्रश्न त्याला वेगळा सोडवावा लागतो. चांगला बनवलेला फ्लिपर तो प्रश्न आपल्या शस्त्रानेच सोडवतो.

म्हणून तुमच्यापैकी कुणी पहिला रोबो बनवत असेल, तर समोरच्याला उडवायची प्रॅक्टिस नंतर करा. आधी त्याला फरशीवर उलटा ठेवा आणि हात चालवा. अर्धा उठून पुन्हा पाठीवर येत असेल तर पाठ सपाट ठेवू नका. वरचं झाकण थोडं गोलसर करा, म्हणजे तो लोळत सरळ होईल. मग डाव्या कुशीवर ठेवा, मग उजव्या, मग भिंतीला चिकटवून. बॅटरी पूर्ण भरलेली असताना बघा, अर्धी उतरल्यावर पुन्हा बघा. दहापैकी दहा वेळा उठला की मगच मैदानात न्या.

तुमच्या रोबोला कुठलं भूत लागलंय ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. निवडक भुतं पुढच्या भागात उतरवू. तोवर भेटत राहू, ऐकत राहा!